आपल्या गावाचा चित्रपट, आपल्याच अंगणात



चित्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते. मोठे नट, मोठी गाणी, मोठा पैसा. चित्रपट कुठेतरी दूर तयार होतो आणि आपण तो तिकीट काढून किंवा टीव्हीवर पाहतो, अशी आपली समजूत असते. पण आज आपल्या प्रत्येक घरात कॅमेरा आहे. वडिलांच्या खिशात, ताईच्या पर्समध्ये, आणि परीक्षा संपल्यावर आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातसुद्धा. त्या कॅमेऱ्याचे करायचे काय, हा प्रश्न पालक सभेत दरवेळी निघतो आणि 'मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्या' या एकाच उत्तरावर संपतो. आम्हाला या अंकात त्याच प्रश्नाचे दुसरे एक उत्तर मांडायचे आहे. ते म्हणजे गावातल्या हौशी लोकांनी लहान लहान चित्रपट तयार करावेत आणि ते सर्वांनी एकत्र बसून पाहावेत. ही पद्धत काय आहे, कुठून आली आणि आपल्या सावरगावात तिची गरज का आहे, हे क्रमाने सांगतो.

लघुपट, हौशी आणि सामूहिक प्रदर्शन

आधी शब्द समजून घेऊ. लघुपट म्हणजे थोड्या वेळाचा चित्रपट. तो दोन मिनिटांचा असेल किंवा वीस मिनिटांचा. त्यात कथा असू शकते, किंवा खरे घडलेले जसेच्या तसे दाखवलेले असू शकते. खरे दाखवणाऱ्या चित्रपटाला माहितीपट म्हणतात. हौशी म्हणजे ज्याचा हा पोटापाण्याचा धंदा नाही तो. दिवसा दुकान चालवणारा, वावरात राबणारा, शाळेत शिकणारा माणूस फावल्या वेळात चित्रपट करतो तो हौशी. आपल्याकडे हौशी नाटक मंडळींची परंपरा जुनी आहे, गणेशोत्सवात आणि शारदोत्सवात आपण सर्वांनी ती पाहिली आहे. हौशी चित्रपट हा तिचाच धाकटा भाऊ समजा.

सामूहिक प्रदर्शन म्हणजे चाळीस, पन्नास किंवा दोनशे माणसांनी एका ठिकाणी, एका वेळी, एका पडद्यावर चित्रपट पाहणे आणि नंतर त्यावर बोलणे. मोबाईलवर एकट्याने पाहणे आणि हे, यांत मोठा फरक आहे. मोबाईलवर पाहणारा अंगठा सरकवून पुढे जातो. अंगणात बसलेला माणूस शेजाऱ्याबरोबर हसतो, शेजाऱ्याबरोबर गप्प होतो, आणि चित्रपट करणारा तिथेच उभा असल्यामुळे त्याला प्रश्नही विचारतो. देशात फिल्म सोसायटी नावाच्या ज्या मंडळ्या झाल्या, त्यांनी हीच सवय लावली. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात अशी सोसायटी काढली, १९५९ साली सर्व सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला, आणि मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. आधी पाहणे, मग बोलणे, हा त्यांचा साधा नियम होता.

सुरुवातच घराजवळून झाली

आपल्या देशातला चित्रपट हौशी माणसांनीच सुरू केला, आणि त्यात मराठी माणसे पुढे होती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, हे मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. हलत्या चित्रांनी ते इतके भारावले की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. लक्षात घ्या, त्यांनी राजा-महाराजा निवडला नाही, इंग्रज साहेब निवडला नाही. गावच्या मातीतली कुस्ती निवडली, जी पाहायला येणारा प्रत्येक माणूस ओळखत होता.

दादासाहेब फाळक्यांचे 'राजा हरिश्चंद्र' आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पण त्याआधी, १९१२ साली, त्यांनी एक अगदी छोटा चित्रपट केला होता. त्यात नट नव्हता, राजा नव्हता. कुंडीत पेरलेला एक वाटाणा होता! कॅमेरा एका जागी ठेवून ते ठराविक वेळाने एकेक चित्र घेत गेले. सगळी चित्रे सलग दाखवल्यावर वाटाण्याला अंकुर फुटतो, वेल वर चढते, असे डोळ्यांदेखत दिसू लागले. हा लघुपट त्यांनी निवडक लोकांना दाखवला आणि तो पाहून त्यांना पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा करता आला. घरच्या मंडळींनी, विशेषतः सरस्वतीबाई फाळके यांनी, फिल्मला छिद्रे पाडण्यापासून मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत सर्व कामे केली. म्हणजे आपल्या देशातल्या चित्रपटाच्या मुळाशी एक घर, एक कुंडी आणि ओळखीच्या चार माणसांपुढे केलेला एक खेळ आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. चित्रपटात चित्र खरोखर हलत नाही. एका सेकंदात साधारण २४ स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली की आपल्याला ती हलल्यासारखी वाटतात. आता आपल्या भागातले उदाहरण घ्या. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. एका फांदीसमोर मोबाईल घट्ट बांधून दिवसाच्या उजेडात दर तासाला एक, म्हणजे दिवसाला १० चित्रे घेतली, आणि हे ३० दिवस केले, तर ३०० चित्रे होतील. ३०० ला २४ ने भागा. साडेबारा सेकंद! एका महिन्याची कळी, फूल आणि गाठ साडेबारा सेकंदांत दिसेल. फाळक्यांच्या वाटाण्याची हीच युक्ती आहे. ज्यांच्या घरी बाग आहे त्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. फक्त मोबाईल जराही हलता कामा नये आणि रोजची वेळ चुकता कामा नये.

स्वतःला पडद्यावर पाहण्याची हौस

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावी मिचेल आणि केनयन नावाचे दोन भागीदार होते. साधारण १९०० ते १९१३ या काळात ते गिरण्यांच्या दारात कॅमेरा लावत. पाळी सुटली की हजारो कामगार बाहेर पडत, कोणी हसत, कोणी टोपी उडवत, लहान मुले कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा धावत. ही चित्रे जत्रेच्या तंबूत लगेच दाखवली जात आणि तेच कामगार पैसे देऊन स्वतःला पाहायला येत. पुढे या फिल्म विसरल्या गेल्या. १९९४ साली ब्लॅकबर्नमधल्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात धातूच्या पिंपांत सुमारे ८०० फिल्म सापडल्या. आज त्या काळातला सामान्य इंग्रज कामगार कसा चालत होता, काय घालत होता, हे कळण्याचे ते एक मोठे साधन झाले आहे. करणाऱ्यांनी इतिहास लिहायचा म्हणून ते केले नव्हते. गावकऱ्यांनी गावकऱ्यांना पाहावे, एवढ्यासाठी केले होते.

आपल्याकडे तंबूतला सिनेमा जत्रेत फिरत असे. महाराष्ट्रात ट्रकवर यंत्र लादून गावोगाव जाणाऱ्या या टूरिंग टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट झाला आणि तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. पण त्या तंबूत दाखवला जाणारा चित्रपट बहुधा बाहेरचाच असे. गावाचा चित्रपट गावानेच करावा आणि गावानेच पाहावा, याचे आपल्या शेजारच्या राज्यातले ठळक उदाहरण मालेगावचे आहे.

मालेगावचे उदाहरण

मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. यंत्रमागांचे गाव. दिवसरात्र मागांचा खडखडाट, आणि शुक्रवारी सुटी. त्या दिवशी कामगार सिनेमा पाहत. तिथे नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवत. चित्रपट दाखवता दाखवता त्यांच्या मनात आले की आपणच एक का करू नये? २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. लग्नात शूटिंग करतात तसा साधा व्हिडिओ कॅमेरा, गावातलेच मित्र नट, आणि खर्च सुमारे ५० हजार रुपये. मूळ चित्रपटात डाकू घोड्यावरून येतात. मालेगावात घोडे कुठून आणणार? डाकू सायकलवरून आले. आगगाडीच्या जागी बस आली. मोठ्या स्टुडिओत कॅमेरा उचलायला क्रेन असते, इथे तिचे काम बैलगाडीने केले. सायकलवर कॅमेरा धरून चालते दृश्य घेतले. गावातल्या पार्लरमध्ये हा चित्रपट आठवडेच्या आठवडे गर्दीत चालला.

लोक का आले? चित्र मुंबईपेक्षा चांगले होते म्हणून नाही. पडद्यावर आपली गल्ली दिसत होती म्हणून. डाकू झालेला माणूस उद्या सकाळी चहाच्या टपरीवर भेटणार होता म्हणून. बोली मालेगावची होती म्हणून.

पुढे याच मंडळींनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. सुपरमॅनचे काम शफीक शेख या काटकुळ्या यंत्रमाग कामगाराने केले. हा चित्रपट होत असताना फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८). तो देशोदेशीच्या महोत्सवांत गेला आणि २०१२ साली आपल्या देशात चित्रपटगृहांतही लागला. शफीक शेख यांना पुढे कर्करोगाने गाठले. आपण उडत असलेला चित्रपट आपल्याच गावात, आपल्या माणसांत बसून त्यांना पाहता आला, आणि नंतर लवकरच त्यांचे निधन झाले. या मंडळींच्या जीवनावर रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. पालकांनी मुलांना घेऊन तो अवश्य पाहावा.

दुसरे उदाहरण नागराज मंजुळे यांचे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर गावचे मंजुळे अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयात संवादशास्त्र शिकत होते. तिथे अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जायची इच्छा असलेल्या एका भटक्या समाजातल्या मुलाची ती गोष्ट. त्या छोट्याशा लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचे 'फँड्री' आणि 'सैराट' सर्वांना माहीत आहेत. आम्ही हे उदाहरण आपल्या मुलांनी दिग्दर्शक व्हावे म्हणून देत नाही. आपल्या गावातले, आपल्या ओळखीचे दुःख सांगायला मोठ्या शहराची परवानगी लागत नाही, हे दाखवायला देतो.

आमच्या नदीचे चित्र कोण काढते?

आता आपल्या सावरगावाकडे येऊ. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर आपण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडताना अडवले गेले, ही तिची दंतकथा प्रत्येक घरात सांगतात. शेवटी झाड चंडीमातेच्या मंदिरात जाते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण तेही टिकले नाही.

या एका दिवशी देशभरातले कॅमेरे आमच्या नदीवर येतात. संध्याकाळी टीव्हीवर आणि मोबाईलवर रक्ताने भरलेली डोकी दिसतात. उरलेले ३६४ दिवस आमचे चित्र कोणी काढत नाही. म्हणून भोपाळ-नागपूरच्या माणसाला सावरगाव म्हटले की एकच गोष्ट माहीत असते. संत्र्याच्या पेट्या भरणारे हात त्याला माहीत नाहीत. दोन्ही काठांत झालेल्या सोयरिकी माहीत नाहीत. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग लावणारा म्हातारा माहीत नाही.

गेल्या पोळ्यानंतर दोन विद्यार्थी आमच्याकडे आले. काठावरच्या एका गच्चीवरून घेतलेली चाळीस सेकंदांची चित्रफीत त्यांना शाळेत दाखवायची होती. डोक्याला फडके बांधलेला एक माणूस दोघांच्या खांद्यावर हात टाकून जात होता. आम्ही विचारले, हा कोण? त्यांना माहीत नव्हते. कुठल्या काठाचा? माहीत नव्हते. त्याला किती टाके पडले, तो घरी कसा पोहोचला, दुसऱ्या दिवशी कामावर गेला का? माहीत नव्हते. आम्ही त्यांना सांगितले की हा चित्रपट नाही, ही चित्रपटाची पहिली चाळीस सेकंदे आहेत. उरलेला भाग त्या माणसाच्या घरी आहे. तिथे जा, परवानगी मागा, त्याच्या आईशी बोला, त्याला हवे असेल तरच कॅमेरा काढा. मग तो लघुपट त्याला आधी दाखवा, आणि त्यानंतर शाळेत आणा.

सामूहिक प्रदर्शनाचे महत्त्व नेमके इथे आहे. मोबाईलवर पुढे ढकललेली चित्रफीत ज्याची आहे त्याच्यासमोर करणाऱ्याला कधी उभे राहावे लागत नाही. अंगणात दाखवलेल्या लघुपटात ते टळत नाही. पडद्यावरचा माणूस पहिल्या रांगेत बसलेला असतो. त्याच्या देखत त्याची थट्टा करता येत नाही, खोटे जोडता येत नाही. करणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आमच्या मते मुलांच्या हातातल्या कॅमेऱ्याला शिस्त लावण्याचा याहून चांगला उपाय नाही. नुसती बंदी घालून मूल लपून चित्रण करते. गावासमोर दाखवायचे आहे हे कळले की ते विचार करून चित्रण करते.

म्हणून पहिल्या कार्यक्रमासाठी आम्ही विषय सुचवतो: 'पोळ्याच्या तिसऱ्या दिवसापासून'. गोटमार संपल्यावर या दोन काठांचे रोजचे जीवन कसे चालते? कोण नदी ओलांडून कामाला जातो? कोणाचे मामा पलीकडे राहतात? नदीला पाणी किती महिने असते आणि नसते तेव्हा काय होते? यांतला प्रत्येक प्रश्न एक लघुपट आहे.

घरची भाषा पडद्यावर

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातले आपले पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. या काळात आमच्या अनेक पिढ्या कचेरीत हिंदी आणि चुलीजवळ मराठी बोलत वाढल्या. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीने आम्हाला पुष्कळ दिले, याबद्दल शंका नाही. पण आजी ज्या शब्दांत ओरडते, बाबा ज्या शब्दांत बैलाला हाक मारतात, ते शब्द कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाहीत. ना मराठीच्या, ना हिंदीच्या. ते फक्त बोलणाऱ्याच्या तोंडी आहेत आणि बोलणारे एकेक करून कमी होत आहेत.

लघुपटात मुलांनी घरच्याच बोलीत बोलावे, असा आमचा आग्रह राहील. पुस्तकी मराठी येत नाही म्हणून कोणी लाजू नये, आणि मधे हिंदी वाक्य आले तर ते कापू नये. आमच्या घरात जसे बोलतात तसेच राहू द्यावे. शाळेने प्रत्येक लघुपटाची एक प्रत जपून ठेवावी. आपल्या देशातल्या मूकपटांपैकी फार थोडे आज उरले आहेत, बाकीचे जळाले, सडले किंवा फेकले गेले. ब्लॅकबर्नच्या फिल्म तळघरात निदान वाचल्या. आपल्या मुलांच्या मोबाईलमधली चित्रे तर मोबाईल बदलला की जातात.

लघुपट करताना

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी काही साध्या सूचना.

१. विषय लहान घ्या. 'शेतकऱ्याच्या समस्या' हा विषय पाच मिनिटांत मावत नाही. 'आमच्या आजोबांचे संत्र्याचे कलम' मावतो.

२. लांबी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. एका गटात तीन ते पाच विद्यार्थी असावेत.

३. मोबाईल आडवा धरा. उभ्या चित्राला पडद्यावर दोन्ही बाजूंनी काळे पट्टे येतात.

४. हात स्थिर ठेवा. भिंतीला टेका, विटेवर ठेवा, बंडीच्या चाकाला बांधा. मालेगावची बैलगाडी आठवा.

५. एकच गोष्ट तीन प्रकारे घ्या: दुरून, मधून आणि जवळून. वावर, वावरातला माणूस, आणि माणसाचे हात. हे तीन तुकडे जोडले की पाहणाऱ्याला गोष्ट समजते.

६. आवाजाकडे लक्ष द्या. चित्र थोडे धूसर असले तर लोक सहन करतात, बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातात. वारा असेल तर आडोशाला बोला, पंखा आणि मोटारपंप बंद करा.

७. चित्रपटातली गाणी लावू नका. ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. आपल्या भजनी मंडळातले कोणी, आजीची जात्यावरची ओवी, किंवा नुसता नदीचा आवाज जास्त शोभेल.

प्रदर्शनाची व्यवस्था

थंडीत अंधार लवकर पडतो, म्हणून हा कार्यक्रम दिवाळीच्या सुटीनंतर करणे सोयीचे. सायंकाळी सात वाजता सुरू करून नऊच्या आत संपवावा. आठ लघुपट पाच-पाच मिनिटांचे धरले तर चाळीस मिनिटे होतात. प्रत्येक लघुपटानंतर पाच मिनिटे करणाऱ्यांनी समोर येऊन प्रश्नांना उत्तरे द्यावीत. म्हणजे सर्व मिळून ऐंशी मिनिटे.

पडद्यासाठी सुरकुती नसलेले पांढरे जाड कापड चालते. ते चारही बाजूंनी ताणून बांधावे, नाहीतर वाऱ्याने हलेल आणि चित्रातली माणसे पोटातून वाकतील. शाळेचा प्रोजेक्टर वापरता येईल. अंगणातला दिवा पडद्यावर येणार नाही हे आदल्या दिवशी अंधारात पाहून घ्यावे. लाउडस्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना ठेवावेत, प्रोजेक्टरजवळ नाही, कारण आवाज बोलणाऱ्याच्या दिशेने यायला हवा. वीज गेली तर इन्व्हर्टर तयार असावा. लहान मुले पुढे सतरंजीवर, वयस्कर मंडळी खुर्च्यांवर, आणि जाण्या-येण्याची वाट मोकळी.

चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाला १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. आपला कार्यक्रम शाळेच्या परिवारापुरता राहील. त्याला तिकीट नसेल आणि बाजारात फलक लागणार नाहीत.

न मोडण्याचे नियम

काही गोष्टींत सवलत दिली जाणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

कोणाचेही चित्रण त्याला विचारल्याशिवाय करू नये. लहान मुलाचे असेल तर त्याच्या आई-वडिलांना विचारावे. पूर्ण झालेला लघुपट त्यात दिसणाऱ्या माणसाला आधी दाखवावा. त्याने नको म्हटले तो भाग काढून टाकावा, कारण विचारू नये. कोणाच्या जातीची, बोलण्याची, व्यंगाची किंवा गरिबीची थट्टा असलेला लघुपट पडद्यावर येणार नाही. गोटमारीच्या दिवशी चित्रण करण्यासाठी कोणत्याही विद्यार्थ्याने नदीत, काठावर किंवा गच्चीवर जाऊ नये. एका चित्रासाठी डोळा जाण्याइतके कोणतेही चित्र मोलाचे नाही. आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणताही लघुपट इंटरनेटवर टाकला जाणार नाही.

विश्वस्त आणि पालकांना विनंती

विश्वस्त मंडळींकडे आम्ही तीन गोष्टी मागतो: एका संध्याकाळपुरते शाळेचे अंगण, पडद्याचे कापड, आणि लघुपट साठवण्यासाठी एक हार्ड डिस्क. मोठा खर्च नाही. पण मंडळाच्या संमतीशिवाय हे काम 'मुलांचा खेळ' म्हणून राहील, आणि संमती मिळाली तर ते शाळेचे काम होईल.

पालकांना विनंती अशी की मुलाने मोबाईल मागितला तर 'कशाला?' हा प्रश्न जरूर विचारावा, आणि उत्तर 'आजोबांना कलम करताना दाखवायचे आहे' असे आले तर रविवारी दोन तास द्यावा. शक्य असेल तर स्वतःही समोर बसून चार शब्द बोलावेत. पांढुर्ण्याच्या काठावरचे आपले नातेवाईक या संध्याकाळी पाहुणे म्हणून आणावेत. आमची इच्छा आहे की दोन्ही काठांची माणसे एका सतरंजीवर बसून एकमेकांची घरे पडद्यावर पाहोत.

विद्यार्थ्यांनी आपल्या गटाची नावे, विषय आणि ज्यांचे चित्रण करणार त्यांची संमती एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावी. सहामाही परीक्षा संपल्यावर पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता विज्ञान प्रयोगशाळेत माहितीची बैठक होईल. ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांनीही यावे. गटात लिहिणारा, बोलणारा आणि आवाज सांभाळणाराही लागतो, आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे त्याला कॅमेरा शाळा मिळवून देईल.

आपला नम्र,
प्राचार्य